जर्मनीत प्रकल्पाचे नेतृत्व आणि फ्रीलान्स काम

पुण्यात सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळल्यानंतर ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य-परवान्यावर) जर्मनीत येताना सहकाऱ्यांशी संवाद कसा ठेवावा आणि पुढे फ्रीलान्स कामे कशी मिळवावीत, असे आपण विचारले आहे. इथे अशी कामे बहुधा पूर्वीच्या सहकाऱ्यांच्या शब्दावर मिळतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाकडे नीट लक्ष दिल्यास दुसरा बराच सोपा होतो.

मुदत पाळता येणार नाही हे लक्षात येताच कारण आणि नवी तारीख लेखी कळवावी. वरिष्ठांना वाईट बातमी शेवटच्या क्षणापर्यंत न सांगण्याची आपली भिडस्त सवय इथे अप्रामाणिकपणासारखी दिसते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. बैठकीत कोणी आपल्या आराखड्यातील दोष सर्वांसमोर दाखवला, तर त्यात अपमान मानू नये. उत्तर मुद्द्यालाच द्यावे आणि काय ठरले याचे टिपण त्याच दिवशी सर्वांना पाठवावे. पुण्यातील चमूही आपल्याकडे असेल, तर इथली सकाळी दहाची बैठक तिकडे उन्हाळ्यात दीड वाजता आणि हिवाळ्यात अडीच वाजता येते, हे दोन्हीकडे आधीच सांगून ठेवावे.

प्रत्येकाच्या कामाची नोंद ठेवणारी नवी प्रणाली आणण्यापूर्वी कंपनीत कर्मचारी परिषद, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळ, आहे का, ते पाहावे. अशा परिषदांविषयीच्या १९७२ च्या जर्मन कायद्यातील कलम ८७ नुसार कामगिरीवर देखरेख ठेवू शकणाऱ्या तांत्रिक साधनांना तिची संमती लागते. तिला डावलून घेतलेला निर्णय कितीही उपयुक्त असला, तरी चमूचा विश्वास घालवतो.

ब्लू कार्डावर असताना स्वतंत्र काम करण्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नोकरीच्या करारातील जोडकामाचे कलमही वाचावे लागते. त्यानंतर कर कार्यालयाकडे एल्स्टर या संकेतस्थळावरून नोंदणी होते. प्रकल्पप्रमुखाने एक धोका विशेष जपावा: एकाच ग्राहकाच्या कचेरीत बसून, त्याच्याच आदेशांनुसार काम केल्यास निवृत्तिवेतन विमा संस्था ती छुपी नोकरी ठरवू शकते, म्हणून करारात हजेरीऐवजी कोणते काम पूर्ण करून द्यायचे ते लिहावे.

जर्मन भाषा मात्र निघण्यापूर्वीच, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात सुरू करावी. भाषेची बी-१ (मध्यम) पातळी आणि २१ महिन्यांची नोकरी व निवृत्तिवेतनाचे हप्ते झाले, की इतर अटी पाळून ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, आणि त्यानंतर फ्रीलान्स कामासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही.