रोगांवर संशोधन करायचे आहे; पण कोणत्या विभागात?

सप्रेम नमस्कार.

नीटमधून एमबीबीएसची जागा न मिळाल्यामुळे आपल्या कन्येने कोल्हापुरातच बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश घेतला, आता ती दुसऱ्या वर्षात आहे आणि रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत जाण्याचा तिचा निश्चय आहे, असे आपण लिहिले आहे. अशा संस्थेत कोणते विभाग असतात आणि डॉक्टर नसलेल्यांना तेथे दुय्यम स्थान मिळते का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्याचे उत्तर आधी देते. रुग्णांवरील उपचार डॉक्टरांकडेच असतात. परंतु प्रयोगशाळेतील बहुतेक कामे विज्ञान शाखेतून पीएच.डी. झालेले संशोधक स्वतंत्रपणे करतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, किंवा राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आपल्या मुलीसारख्या पदवीधरांना मागच्या दाराने जावे लागत नाही.

विभागांची नुसती नावे सांगण्यापेक्षा एक आजार घेऊ. चंदगडकडून तिलारी घाट उतरला की लागणाऱ्या दोडामार्ग भागात 2016 साली माकडतापाची साथ आली होती. या तापाचा विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडला आणि गोचिडीमार्फत तो माकडांमध्ये व माणसांमध्ये पसरतो. अशा आजारावर काम करताना कीटकशास्त्रज्ञ रानातल्या पालापाचोळ्यावरून कापड ओढत गोचिडी गोळा करतो, त्यांच्या जाती ओळखतो आणि नमुने प्रयोगशाळेकडे पाठवतो. विषाणूशास्त्रज्ञ अतिसुरक्षित कक्षात, संपूर्ण शरीर झाकणारा पोशाख घालून, विषाणू पेशींमध्ये वाढवतो. आजारातून बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तात कोणती प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार झाली, ती किती काळ टिकली आणि पूर्वी वापरात असलेल्या लशीचे संरक्षण अपुरे का पडले, हे प्रतिकारशक्तीचा अभ्यासक शोधतो. नव्या लशीचा पाया येथेच घातला जातो. आरटी-पीसीआरसारख्या निदान चाचण्या बसवणारे, विषाणूच्या जनुकक्रमाची संगणकावर तुलना करणारे आणि प्रथिनांची रचना पाहून औषध शोधणारे गट वेगळे असतात.

साथरोगशास्त्राविषयी मात्र थोडे अधिक लिहिते, कारण विद्यार्थी त्याकडे सहसा पाहतच नाहीत. काजूच्या बागेत जाणाऱ्यांना धोका किती, साथ कोणत्या महिन्यांत वाढते, लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांत फरक किती पडला, या प्रश्नांची उत्तरे गावोगावच्या नोंदी आणि संख्याशास्त्र यांतूनच मिळतात. जीवशास्त्र समजणारा आणि आकडेवारीला न घाबरणारा संशोधक प्रत्येक विभागाला हवा असतो. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि संख्याशास्त्र हे चारही विभाग आहेत, ही कोल्हापुरातील मुलांची मोठी सोय आहे. पदवीच्या काळातच तिने संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा आणि ‘आर’ किंवा ‘पायथन’ ही संगणकीय भाषा शिकावी, असा माझा आग्रह आहे.

पुढील वाट मोठी आहे. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद किंवा केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीच्या, परीक्षेतून पीएच.डी.साठी पाठ्यवृत्ती मिळते. जानेवारी 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर 42,000 रुपये आहे. पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे आणि त्यानंतर पुन्हा काही वर्षे तात्पुरत्या नेमणुका, असा हिशेब धरल्यास कायम पद मिळेपर्यंत तिशी उलटलेली असते. या काळात घरातून लग्नाचा किंवा नोकरीचा तगादा लागला की चांगल्या मुली अर्ध्यातून परततात, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आपण कुटुंबाने याचा निर्णय आजच मोकळेपणाने घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

यंदा तिने देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. निवड झाल्यास सुमारे दोन महिने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करता येते. तोवर तिने मला स्वतः एक पत्र लिहावे आणि रानात हिंडणे, सूक्ष्मदर्शकासमोर तासन्‌तास बसणे की आकड्यांचा अर्थ लावणे, यांपैकी कशात ती वेळेचे भान विसरते, ते कळवावे. त्यावरून एम.एस्सी.च्या विषयाबद्दल मी तिला सविस्तर लिहीन.