मोठ्या गटातली मुलं ५० पर्यंत म्हणतात, पण ‘सात मणी दे’ म्हटलं की मूठभर उचलून देतात. वर्गात कोणते खेळ घ्यावेत? गणिताचा तयार संच मागवावा का?

संच मागवू नका, चिंचोके गोळा करा. खेळ मी एकच नीट सांगते, कारण बालवाडीत तोच सगळ्यांत घाईने उरकला जातो.

प्रत्येक जोडीला पाच चिंचोके. अष्टाचंग्याला करतात तशी त्यांची एक बाजू दगडावर घासून पांढरी करायची. घासताना चिंचोका तापतो आणि चटका बसतो, म्हणून हे काम आपणच करावं. पांढरा भाग चांगला रुंद आणि सपाट हवा. अर्धवट घासलेला चिंचोका कडेवर कलंडतो आणि मग तो पांढरा की काळा यावरूनच भांडण जुंपतं. फरशीवर ते लांब पळतात, म्हणून घडी घातलेल्या फडक्यावर टाकायला सांगा.

एकाने टाकायचे आणि दोघांनी नुसतं बघून सांगायचं: पांढरे किती, काळे किती. मग दोघांनी मिळून म्हणायचं, ‘तीन आणि दोन, पाच.’ बोट लावायचं नाही, हा नियम पाळाच. बोट लावलं की एक-दोन-तीनचं गाणं सुरू होतं, तोंड बोटाच्या पुढे धावतं आणि चिंचोके पाच असले तरी मूल सहावर थांबतं. ऐकत नसतील तर दोन सेकंद दाखवून वर वाटी पालथी घाला. तीनपर्यंत बहुतेक मुलांना एका नजरेत कळतं, चारला सराव लागतो.

इथे एक अडचण हमखास येते. घरी अष्टाचंगा खेळणाऱ्या मुलांना सगळे पालथे पडले की आठ, हे पाठ असतं. माझ्या वर्गात एकदा पाचही काळे पडले. एक मुलगा ‘आठ!’ म्हणून ओरडला, त्याची जोडीदारीण म्हणाली, ‘एकपण नाही.’ दोघंही हटेनात. मी निवाडा दिला नाही. ‘आठ पांढरे दाखव’ एवढंच म्हटलं. त्याने एकेक चिंचोका उलटून पाहिला, पाचवर थांबला आणि मग स्वतःच म्हणाला, ‘आजीच्या खेळात आठ, इथे काहीच नाही.’ त्या ‘काहीच नाही’ला शून्य म्हणतात, हे मी तिथेच सांगितलं. अंकलिपीतल्या भोपळ्याएवढ्या गोलातून शून्य असं कळत नाही. तेव्हा आठाचा नियम वर्गात सोडायचा, पण घरचा नियम चुकीचा आहे असं मात्र म्हणायचं नाही.

आठवडाभराने पुढची पायरी. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने काही चिंचोके मुठीत लपवायचे आणि उरलेले समोर ठेवायचे. मुठीत किती? बरीच मुलं समोर दिसतात तोच आकडा सांगतात. उत्तर सांगू नका, मूठ उघडायला लावा. तरीही जमत नसेल तर पाचाचे तीन करा आणि पुन्हा चढत या. पाच कसे फुटतात हे हातात बसल्याशिवाय सहाकडे जाऊ नये, यावर मी ठाम आहे.

आता तुमचे सात. अंड्यांचा ३० चा पुठ्ठ्याचा ट्रे असतो, त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी. दोन-दोन ओळी कापा, एका ट्रेमधून दहाचे तीन कप्पे निघतात. वरची ओळ डावीकडून भरायची, ती भरल्यावरच खाली उतरायचं. वरच्या ओळीला रंगीत पट्टी लावा, नाहीतर मुलं वाटेल तिथे टाकतात आणि सात कधीच सातासारखे दिसत नाहीत. भरलेली ओळ आणि खाली दोन, हे चित्र बसलं की ‘सात दे’ला मूठ येत नाही.

सापशिडी या वयात नको. दर ओळीला दिशा उलटते आणि साप-शिडीमुळे आकडा आणि अंतर यांचा संबंध तुटतो. त्याऐवजी १ ते १० चौकोनांची सरळ पट्टी आखा. २००८ मध्ये रमाणी आणि सीगलर या संशोधकांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांवर हेच तपासलं होतं: दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, आणि तेवढ्याने आकड्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी रंगांचे चौकोन खेळलेल्या मुलांची सुधारली नाही. फाशावर फक्त एक आणि दोन ठिपके ठेवा. मूल ५ वर असेल आणि दोन पडले तर ‘एक, दोन’ नाही, ‘सहा, सात’ म्हणत पुढे जायचं. उभा आहे तोच चौकोन पहिला धरणं ही नेहमीची चूक. सोंगटी उचलल्यावर मगच तोंड उघडायचं, असं सांगितलं की ती कमी होते.

आणि १ ते १०० च्या वह्या. एका पर्यवेक्षकांशी माझा यावरून वर्षभर वाद चालला, आणि आजही माझं मत तेच आहे: पाच वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत लिहायला लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं. मराठीत ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. ती अडचण दुसरीतली. आपण ती बालवाडीत कशाला ओढून आणायची? पालक वही मागतात हे मला माहीत आहे. त्यांना एकदा वर्गात बसवा आणि मुठीतले चिंचोके ओळखायला लावा.

एक मात्र राहिलं. हे सगळं पाचच्या आसपासच्या मुलांसाठी आहे. लहान गटात तीन वर्षांची मुलं चिंचोके नाकात घालतात, तिथे बाटलीची मोठी झाकणं वापरा, आत पांढरा कागद चिकटवून. वर्गात तीस मुलं असतील तर एका वेळी तीनच जोड्या तुमच्याजवळ बसवा, बाकीच्यांना चित्र किंवा माती द्या. उठताना प्रत्येक जोडीने पाच चिंचोके मोजून डब्यात टाकायचे, चार निघाले तर पाचवा सापडेपर्यंत फडकं झटकायचं.