तुझा पगार म्हणजेच त्याच्या धंद्याचं भांडवल

‘ताई, मी एका कंपनीच्या हिशेब विभागात बरीच वर्षं काम करते. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने नोकरी सोडून फर्निचर बनवण्याचा धंदा सुरू केला. ऑर्डरी येतात, पण पैसे वेळेवर येत नाहीत. घर माझ्या पगारावर चालतं. दोनदा कारागिरांचे पगारसुद्धा माझ्या खात्यातून गेले. आता त्याचं म्हणणं, मीही नोकरी सोडून त्याच्यासोबत यावं. मी नको म्हटलं की तो म्हणतो, “तुझी मानसिकताच नोकरदाराची आहे.” या महिन्याचं कसं काय, एवढं विचारलं तरी हेच ऐकावं लागतं. परवा मित्रांसमोर म्हणाला, “धोका पत्करायला छाती लागते, ती सगळ्यांना नसते.” मी गप्प बसले. ताई, मी खरंच भित्री आहे का? नोकरी सोडू का?’

मैत्रिणी,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता नोकरी सोडू नकोस.

आता पहिला प्रश्न. या प्रश्नाने तुला जास्त त्रास दिलाय, हे तुझ्या अक्षरातही दिसतं. तू भित्री नाहीस. आपल्या खात्यातून दुसऱ्याच्या कारागिरांचे पगार देणारी बाई भित्री कशी असेल? ते पैसे कधी परत येतील हे तुला माहीत नव्हतं, तरी तू दिलेस. याला धोका पत्करणं म्हणतात. मित्रांसमोर छातीची गोष्ट निघाली तेव्हा हे त्याने सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं.

नोकरदार आणि उद्योजक हा भेद जुना आहे. रिचर्ड कँटिलॉन नावाच्या अर्थतज्ज्ञाचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्याने कमावत्या माणसांचे दोन गट केले: ज्यांची मिळकत ठरलेली आहे ते, आणि ज्यांची ठरलेली नाही ते. गंमत म्हणजे ठरलेल्या मिळकतीच्या गटात त्याने घरकाम करणाऱ्या नोकराबरोबर पगारी सेनापतीलाही बसवलं. आणि बेभरवशाच्या मिळकतीच्या गटात व्यापाऱ्यांबरोबर भिकारी आणि दरोडेखोरही घातले. पगार घेणारा सेनापती छातीला कमी असतो, असं कोण म्हणेल? पैसा कसा येतो, एवढंच त्याने पाहिलं. ‘मानसिकता’ नावाचं प्रमाणपत्र आपण नंतर चिकटवलं, आणि आता ते भांडणात एकमेकांच्या अंगावर फेकतो.

तरीही फरक नसतोच, असं मी म्हणणार नाही. पैसा येण्याच्या रीतीने माणसाच्या सवयी घडतात, आणि त्या सवयी खऱ्या असतात. तुझा पगार ठरल्या तारखेला येतो, मग तू खर्च ठरवतेस. त्याच्याकडे उलटं आहे. लाकूडवाल्याचे द्यायचे, कारागिरांचे द्यायचे, भाडं, कर, हप्ता. यातून काही उरलंच तर ते मालकाचं. रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाला हातात आलेला प्रत्येक पैसा कच्च्या मालासारखा दिसू लागतो, घरातलासुद्धा. तुझ्या कामात चूक म्हणजे शोधून काढून टाकायची गोष्ट. ताळेबंद जुळलाच पाहिजे. त्याच्या कामात काही चुका केल्याशिवाय कळतच नाही की लोकांना काय हवंय. टेबलाची उंची चुकली असा गिऱ्हाइकाचा फोन आला, तर नोकरीत आपण आधी विचारतो की मोजमाप कोणी घेतलं होतं. मालकाला तो प्रश्न परवडत नाही. मोजमाप कोणीही घेतलेलं असो, टेबल त्यालाच दुरुस्त करून द्यायचं असतं. ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य त्याच्या आयुष्यातून गेलेलं आहे. त्याच्या चिडचिडीमागे हा थकवाही असणार. तेवढं त्याच्या बाजूने सांगते.

पण या सवयींपैकी एक चांगली आणि दुसरी हलकी, असं नाही. उधारी किती थकली, कोणाकडे थकली, पुढच्या महिन्याचे पगार कुठून निघणार, हे विचारणं म्हणजे नोकरदारपणा, असं ज्याला वाटतं त्याचा धंदा अडचणीत येतो. कागदावर नफा दिसत असतानाही केवळ रोख संपली म्हणून धंदे बुडतात, हे हिशेब विभागात काम करणाऱ्या तुला मी काय सांगणार!

आणि नोकरी धरून ठेवणं म्हणजे उद्योजकतेच्या विरुद्ध, हा समजही पारखून घेतलेला बरा. राफी आणि फेंग या दोन संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की, नोकरी चालू ठेवून धंदा सुरू केलेल्या आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा साधारण ३३ टक्क्यांनी कमी होती. अ‍ॅपलचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक घे. १९७६ साली अ‍ॅपल सुरू झाली तेव्हा तो ह्यूलेट-पॅकार्डमध्ये इंजिनिअर होता. त्याने आपला कॉम्प्युटर आधी नोकरी देणाऱ्या त्या ह्यूलेट-पॅकार्डलाच देऊ केला होता. पुढे पैसा घालणाऱ्या भागीदाराने नोकरी सोडण्याची अट घातली, तेव्हा तो आधी नाही म्हणाला. तुला मॅनेजर व्हावं लागणार नाही, इंजिनिअरच राहता येईल, असं एका मित्राने समजावल्यावर मग तयार झाला. त्याच्या मानसिकतेला तुझा नवरा काय नाव देईल?

तुमच्या घरात ही सोय दोघांत मिळून झालेली आहे. तू नोकरीत आहेस म्हणून तो धंद्यात उभा आहे. गिऱ्हाइकाने पैसे थकवले तरी त्या महिन्यात घर अडत नाही, म्हणून तो पडेल भावाला काम घेत नाही, चांगल्या ऑर्डरीसाठी थांबू शकतो. तू सोडलंस तर दोघांची मिळकत त्याच चार गिऱ्हाइकांच्या हातात जाईल. तेव्हा धोका दुप्पट होईल, धंदा मात्र तेवढाच राहील.

म्हणून आता काय कर. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, भांडण नसताना, वह्या घेऊन दोघं बसा. तू आजवर दिलेले पैसे त्याच्या वहीत तुझ्या नावावर कर्ज म्हणून लिहा. मालक वेगळा आणि धंदा वेगळा, हा तुझ्या विषयातला पहिलाच धडा. तो घरी का सोडायचा? पुढे किती देऊ शकशील याची मर्यादा आजच ठरव, तुझ्या पगाराच्या किती महिन्यांइतकी ते तूच पाहा. ती रक्कम बुडाली तरी घर चालेल, अशी असली पाहिजे. ओलांडायची वेळ आली तर धंद्यात काय बदलायचं यावर बोलणं होईल, पैसे जाणार नाहीत. आणि एक महत्त्वाचं विचारते, पत्रात तू लिहिलेलं नाहीस: धंद्याच्या कुठल्या कर्जावर जामीन म्हणून तुझी सही आहे का? असेल तर त्याची कागदपत्रं बाहेर काढ. नसेल तर नीट वाचल्याशिवाय करू नकोस, कितीही घाई असली तरी.

त्यालाही महिन्याला एक ठरलेली उचल घेऊ दे, लहान का असेना. घरात थोडे पैसे देता न येणारा माणूस आतून खचतो, आणि मग छातीच्या गोष्टी करू लागतो.

तुलाही एक सुचवते. ‘या महिन्याचं कसं काय’ हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या कानाला तो साहेबाने मागितलेल्या अहवालासारखा लागत असेल. त्याऐवजी ‘कोणाकडून यायचेत, मी फोन करू का?’ असं विचारून बघ. आठवड्यातली एक संध्याकाळ उधारीच्या वसुलीला दे. बिल वेळेत जातंय का, ऑर्डर घेताना आगाऊ रक्कम मागितली जाते का, हे पाहा. बहुतेक कारागीर माणसांना पैसे मागायचा संकोच असतो, आणि तुला तर थकबाकीची पत्रं लिहायची सवय आहे. काही महिन्यांत कळेल की त्या कामात तुझं मन रमतं का. रमलं, आणि घरखर्च भागेल इतकी उचल धंद्यातून सलग निघू लागली, तर नोकरी सोडण्याचा विचार मीही तुझ्यासोबत करेन. मात्र तेव्हा हिस्सा कागदावर हवा आणि कोणते निर्णय तुझे हेही ठरलेलं हवं. नाहीतर पगार सोडून बिनपगारी नोकरीत जाशील.

मित्रांसमोरच्या त्या वाक्याबद्दल त्याच्याशी बोल. एकटा असताना बोल, पण बोलच. ‘मला लागलं’ एवढं सांग, आणि पुढच्या वेळी कारागिरांचे पगार कोणी दिले हेही मित्रांना सांगायला सांग. बहुतेक तो वरमेल. तो वह्या दाखवायलाच तयार झाला नाही, तर मात्र मला लगेच लिही. मग मी तुला वेगळं काहीतरी सांगेन.

तुझी,
ताई