वाचकांचे प्रश्न: भाकरी कमी केली, मग ताटात काय?

पोळ्या बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, भातही सोडला. तरी महिन्याभरात वजनात फारसा फरक नाही. लो कार्ब म्हणजे नेमकं किती? आम्ही शाकाहारी आहोत. (गंगापूर रोड, नाशिक)

ज्वारीत तंतू साधारण गव्हाच्या पोळीइतकेच असतात, आणि कर्बोदकांच्या हिशेबातही फारसा फरक पडत नाही. दोन्ही पिठांत 100 ग्रॅममागे साधारण 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. 30 ग्रॅम पिठाची एक पोळी म्हणजे 20 ग्रॅम, आणि आपल्याकडची जाडसर भाकरी 60-70 ग्रॅम पिठाची, म्हणजे 40 ते 45. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या की आकडा दुप्पट झाला. एकदा पीठ वजनकाट्यावर मोजून भाकरी थापा, म्हणजे अंदाज येईल.

दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली तर त्या आहाराला ढोबळमानाने लो कार्ब म्हणतात. 50 ग्रॅमच्या खाली गेलं की शरीर चरबीपासून कीटोन बनवून त्यांवर बरंचसं काम चालवू लागतं. तो कीटो. आपल्या घरांत सकाळी पोहे, दोन्ही वेळा पोळी-भात-वरण आणि साखरेचा चहा-बिस्किटं असली तर बेरीज सहज पावणेतीनशेवर जाते. शाकाहारी माणसाने कीटोच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. डाळी-उसळी सुटतात आणि उरतं पनीर, तूप, सुकामेवा. 100 ते 120 ग्रॅमचं ताट मात्र जमण्यासारखं आहे.

सकाळी 40 ग्रॅम बेसनाची दोन धिरडी, त्यांत मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, सोबत अर्धी वाटी दही. दुपारी 50 ग्रॅम पिठाची एकच भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, दोन वाट्या पालेभाजी, काकडी, पेलाभर ताक. चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि 20 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. रात्री 100 ग्रॅम पनीर आणि दोन वाट्या दुधी, दोडका, गवार किंवा फ्लॉवर, पोळी नाही. कर्बोदकं 115 च्या आसपास आणि प्रथिनं 55 ते 60 ग्रॅम होतात. बटाटा, रताळं, साबुदाणा आणि मका या भाज्यांच्या रांगेत धरू नका.

या ताटाने वजन का उतरतं? इन्सुलिन कमी झालं की चरबी आपोआप वितळते, असं सांगणारे पुष्कळ आहेत. इन्सुलिन कमी होतं आणि चरबी जास्त जळते हे बरोबर, पण ताटातूनच जास्त चरबी आली तर जळते तीच. साठा घटायला एकूण कॅलरी कमी पडाव्याच लागतात. लो कार्बमध्ये त्या पडतात, कारण प्रथिनं पोट धरून ठेवतात आणि बिस्किटं, फरसाण, मिठाई यांना वावच राहत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात (2018) लो कार्ब गटाचं वजन सरासरी 6 किलो आणि लो फॅट गटाचं 5.3 किलो उतरलं. फरक नाममात्रच. तेव्हा जे ताट वर्षभर निभेल ते निवडा.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, नंतर तीन आठवडे काटा हलत नाही. डोकं दुखतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. (सिडको)

पहिले दोन किलो बहुतेक पाणी होतं. यकृत आणि स्नायूंत मिळून अंदाजे 500 ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा राखीव साठा) साठलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. लग्नात जिलबी झाली की दुसऱ्या दिवशी किलोभर परत दिसतो, ती चरबी नव्हे. त्यामुळे वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर बघा आणि कंबर बेंबीपाशी टेपने मोजा.

डोकेदुखी आणि गोळे बहुधा मिठामुळे. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दोन पेले ताक चिमूटभर जास्त मीठ घालून घ्या, पाणी वाढवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ वाढवू नका. दाब मोजा, तो उतरून चक्कर येत असेल तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.

काटा अडण्याचं कारण स्वयंपाकघरात शोधा. मूठभर कूट (30 ग्रॅम) 170 कॅलरींचं, मोठा चमचाभर तेल 120 चं. भाकरी गेली आणि तिच्या जागी भाज्यांत कूट-खोबरं दुप्पट झालं, हे आम्ही वारंवार पाहतो. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या वर जाऊ देऊ नका.

मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. हा आहार सुरू करू का? (नाशिक रोड)

आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, मग पोळी कमी करा. क्रम उलटा नको. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला आणि मीटरवर 70 च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबाबत विशेष जपा. यांच्या जोडीला कडक लो कार्ब केल्यास रक्तात कीटोन घातक पातळीला जाऊ शकतात, आणि तेव्हा मीटरवर साखर जवळपास नेहमीसारखीच दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालयात जा आणि कीटोन तपासायला सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. इतरांनीही सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासावं. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच वाढतं.

रविवारची मिसळ, द्राक्षं आणि एकादशी यांचं काय करायचं? (पंचवटी)

मिसळीतली मटकी तुमच्या बाजूची आहे. दोन पाव मिळून 40 ग्रॅम कर्बोदकं, त्यावर फरसाण, पापड आणि शेवटी जिलबी. एक पाव, जास्तीची मटकी, फरसाण चमचाभर, वर दही एवढं सांगून मागवा. तर्री वरची न घेता खालचा रस्सा घ्या, तेल वाचतं.

वीसेक द्राक्षं म्हणजे 100 ग्रॅम, त्यांत 17 ग्रॅम कर्बोदकं, जवळपास एका पोळीइतकी. खायची तर त्या जेवणातली अर्धी भाकरी वजा करा. बेदाणे मूठभर 30 ग्रॅमचे झाले तरी 23-24 ग्रॅम होतात, ते टाळा.

एकादशीला 75 ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीतून 65 ग्रॅम कर्बोदकं येतात आणि प्रथिनं, ती काय ती कुटातली. भगरही फार मागे नाही. त्या दिवशी दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, थोडे शेंगदाणे आणि पनीर घ्या. भगर हवीच असेल तर शिजवलेली अर्धी वाटी, आमटी घट्ट करायला बटाटा न घालता.