'द मिरॅकल वर्कर' नाटकात शेवटी पाण्याखाली हात धरल्यावर त्या मुलीला एका क्षणात सगळं कळतं, हे पटण्यासारखं आहे का? खरंच असं झालं होतं का?

झालं होतं. पण एका क्षणात नाही. तुम्ही लिहिलंय की नाटक छान वाटलं पण शेवट फिल्मी वाटला, इतकी वर्षं काही न कळणारी मुलगी हापशाखाली हात धरते आणि लगेच शहाणी होते हे डोक्याला पटेना. मला उत्तर लिहावंसं वाटलं कारण मी हे नाटक केलंय. कॉलेजला असताना आमच्या सांगलीतल्या हौशी ग्रुपनं आमचाच मराठी अनुवाद करून बसवलं होतं, याच गोष्टीवर बेतलेला 'ब्लॅक' पिक्चर यायच्या आधी, आणि मी अ‍ॅनी सलिव्हन होते, म्हणजे त्या मुलीला, हेलन केलरला, शिकवायला आलेली शिक्षिका. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातनं गेलेला नाही.

आधी खरं काय घडलं ते सांगते. हेलन केलरचा जन्म १८८० चा, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कम्बिया गावचा. १९ महिन्यांची असताना मोठा ताप आला आणि त्यात डोळे आणि कान दोन्ही गेले. अ‍ॅनी तिच्याकडं आली ३ मार्च १८८७ ला आणि पाण्याचा प्रसंग ५ एप्रिलचा. म्हणजे मध्ये एक महिना गेलाय, आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका महिन्यात आहे. अ‍ॅनी पहिल्या दिवसापासून त्या पोरीच्या तळहातावर बोटांनी स्पेलिंग करत होती, बाहुली दिली की डी-ओ-एल-एल, केक दिला की केकचं स्पेलिंग, आणि हेलन माकडासारखी नक्कल करून तेच परत करून दाखवायची. मार्च संपेपर्यंत तिला अशी १८ नामं आणि ३ क्रियापदं येत होती! म्हणजे बोटांना सगळं येत होतं, फक्त ही बोटं म्हणजे त्या वस्तूचं *नाव* आहे हे कळलेलं नव्हतं. केकची बोटं केली की केक मिळतो, एवढंच. पेला आणि पेल्यातलं पेय यात तिचा कायम घोळ व्हायचा, दोन्ही एकच वाटायचं, आणि त्यावरनं त्या दोघींचं वाजायचं. म्हणून अ‍ॅनीनं तिला हापशाकडं नेलं, पेला हातात दिला, वरनं पाणी सोडलं, पेला भरून वाहायला लागला, गार पाणी एका हातावर आणि दुसऱ्या हातावर स्पेलिंग. वस्तू वेगळी आणि भांडं वेगळं हे तिला तिथं उमगलं. त्याच दिवशी तिनं जमिनीला हात लावून नाव विचारलं, पंपाचं विचारलं, आणि मग वळून अ‍ॅनीचंच विचारलं. अ‍ॅनीनं लिहिलं, टीचर.

तर जादू म्हणाल तर ती पाण्यात नाही, ३३ दिवस रोज तेच तेच करत राहण्यात आहे. हे मला तालमीत कळलं, वाचून नाही.

आमच्या तालमी गावभागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या, संध्याकाळी सात ते दहा. हेलन करणारी मुलगी नऊ-दहा वर्षांची होती, आणि सरांनी पहिले दहा दिवस स्क्रिप्टला हातच लावू दिला नाही, फक्त स्पेलिंग. डब्ल्यूला तीन बोटं उभी, एला मूठ, टीला अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतनं बाहेर, ईला सगळी बोटं दुमडून अंगठ्याला टेकवलेली, आरला दोन बोटं एकमेकांवर चढवलेली. हे मी तिच्या हातात करायचं, तिनं डोळे मिटून नुसतं चाचपायचं. पहिले काही दिवस तिचा हात मऊ होता, नुसता पडून असायचा माझ्या हातात. मग एके दिवशी मी मुद्दाम टी चुकवला, आणि तिनं माझा अंगठा धरून नीट फटीत घातला. मला रडू आलं, खरंच. तेवढ्यासाठी दहा दिवस गेले होते.

स्पेलिंग मराठीत करायचं का यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी इंग्रजीच ठेवलं, कारण ती एका हाताची लिपीच त्या अक्षरांची आहे आणि गोष्टही तिकडचीच आहे. पण पंपाच्या प्रसंगात हेलनला लहानपणीचा एक अर्धा शब्द आठवतो, आजारपणाच्या आधी ती पाण्याला जे म्हणायची तो, वॉ-वॉ. आता सांगलीच्या प्रेक्षकाला वॉ-वॉ म्हणजे काय कळणार? तो शब्द तर आईच्या मांडीवरचा पाहिजे. आम्ही 'पा... पा...' ठेवलं, पाणी म्हणता न येणाऱ्या पोराचं. एवढाच एक शब्द ती पोरगी अख्ख्या नाटकात उच्चारते आणि पहिल्या प्रयोगाला तेव्हा मागच्या रांगेतनं बायकांच्या नाकाचे आवाज स्टेजवर ऐकू येत होते.

पण मला विचाराल तर नाटक पाण्यावर उभंच नाहीये, ते जेवणाच्या प्रसंगावर उभंय. केलरांच्या घरात हेलन सगळ्यांच्या ताटात हात घालत फिरते, कुणी काही बोलत नाही, बिचारी आहे म्हणून. अ‍ॅनी सगळ्यांना बाहेर काढते, दार लावते आणि तिला चमच्यानं खायला लावते. जवळपास दहा मिनिटं, एक संवाद नाही, नुसती झटापट. जिथं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, जिथला माणूस नाटकाला येतो तो पदं आणि संवाद ऐकायला, त्या सांगलीत भावे नाट्यमंदिरात दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही म्हणजे काय याची आम्हाला प्रचंड भीती होती. तालमीत अंड्याच्या जागी उप्पीट घ्यायचो, सगळा हॉल उप्पिटाचा, माझे दंड काळेनिळे, आई रोज हळद लावायची. आणि प्रयोगात काय झालं, पहिली दोन मिनिटं लोक हसले, मग एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं सोड की तिला, लेकरू हाय," आणि त्यानंतर सगळं थिएटर गप्प. त्या आजी माझ्या मनात राहिल्यात. त्या चुकीचं बोलल्या नव्हत्या, आपल्यातला प्रत्येकजण हेच बोलला असता. हेलनच्या आईवडलांचंही तेच झालं होतं. आणि अ‍ॅनीला तेच मोडायचं होतं, की या पोरीला कळत नाही असं धरून तुम्ही तिच्यावर जी माया करता ती मायाच तिला बंद खोलीत ठेवतेय.

अ‍ॅनीला हे कुठनं कळलं? ती तेव्हा फक्त २० वर्षांची होती. लहानपणी तिचेही डोळे खुपरीनं गेल्यात जमा होते, भावासोबत अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात राहिली, तो धाकटा भाऊ तिथंच गेला, मग ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली. तिच्यावर कुणी अशी दया केलीच नव्हती. म्हणून नाटकाच्या नावातला चमत्कार करणारा माणूस हेलन नाही, अ‍ॅनी आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा ७१९ प्रयोग झाले, अ‍ॅनी झाली अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट आणि हेलन झाली पॅटी ड्यूक, आणि पुढं १९६२ च्या सिनेमात दोघींना ऑस्कर. सिनेमा मिळाला तर जेवणाचा प्रसंग परत बघा, यावेळी हेलनकडं नाही, अ‍ॅनीच्या हाताकडं बघा.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, नाटक थोडं जास्त ताणतं. नाटकात हेलन जेवताना पाण्याचा जग अ‍ॅनीच्या अंगावर ओतते आणि अ‍ॅनी तिला ओढत पंपाकडं नेते. खऱ्या घटनेत असं काही नव्हतं, सकाळी हात-तोंड धुताना तिनं पाण्याचं नाव विचारलं आणि नाष्ट्यानंतर दोघी शांतपणे पंपाकडं गेल्या. मला खरं जे घडलं तेच जास्त आवडतं. पण स्टेजवर तेवढ्यानं भागलं नसतं हेही मान्य.

आता माझं. माझ्या आत्याची मुलगी, तासगावजवळच्या गावात असते, जन्मापासून ऐकू येत नाही आणि डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो. नाटक झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि आत्या तिला स्वतःच्या हातानं भरवायची. जवळच्या ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी हिला काही शिकवता येणार नाही असं सांगून पाठवलं होतं, आणि घरानं ते मान्य केलं होतं. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून अशाच मुलांसाठी काम करतंय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, मला नाटकाच्या निमित्तानं वाचताना कळलं. तिथं जाऊन आलो, त्यांनी स्पेलिंग वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाले, चहाच्या आधी रोज तोच ग्लास हातात द्या, अंघोळीच्या आधी रोज तोच टॉवेल, आणि घरातल्या प्रत्येकानं स्वतःची एक ओळख ठरवा जी ती हातानं चाचपू शकेल. आत्याच्या हिरव्या बांगड्या, मामांची मिशी, माझं मनगटावरचं घड्याळ. मी शनिवारी जायचे, बसले की तिचा हात माझ्या घड्याळावर ठेवायचे आणि वर दोनदा टकटक करायचे.

चार महिने काही झालं नाही. आत्या म्हणायची कशाला त्रास देतीस. मग पोरगी रिकामा ग्लास घेऊन आत्याच्या पोटावर दाबायला लागली, चहा पाहिजे म्हणून. भरवणं दोन वर्षांनी बंद झालं. नाव विचारणं, हेलननं जमिनीला हात लावून विचारलं तसं, अजून झालेलं नाही, आणि मी वाट बघत नाही असं खोटं सांगणार नाही.

पण एका दिवाळीला मी गेले तेव्हा घड्याळाचा पट्टा तुटला होता, दुरुस्तीला टाकलेलं. मी शेजारी बसले, तिनं नेहमीसारखा मनगटाकडं हात नेला, तिथं काहीच नाही. थांबली. माझी वेणी चाचपली, खांदा चाचपला, परत मनगटावर आली. आणि त्या मोकळ्या मनगटावर, जिथं घड्याळ असायला पाहिजे बरोबर तिथं, तिनं बोटानं दोनदा टकटक केलं.