आर्डुइनो ऊनो बोर्डवरून पल्स घेऊन एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचा इंटर्नल ऑसिलेटर (चिपमधलंच ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ) कॅलिब्रेट केला, तरी सिरीयलवर अक्षरांऐवजी कचरा येतो. काय चुकतंय?

आधी ती ऊनो बाजूला ठेवा. तिच्या ३२८पीला सिरॅमिक रेझोनेटर असतो, क्रिस्टलइतका अचूक नसलेला; त्याच्यावरून घड्याळ लावायचं नाही. डीएस३२३१ या अचूक घड्याळ-चिपची १ हर्ट्झची पिन आयसीपी१ ला, म्हणजे पल्सची वेळ टिपणाऱ्या पिनला, द्या. टायमर१ ला २५६ चा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा) लावला की दोन पल्समध्ये ३१२५० मोजले गेले पाहिजेत. कमी आले तर ऑसकॅल (ऑसिलेटरचा वेग ठरवणारा रजिस्टर) एकाने वाढवा, जास्त आले तर कमी करा.

मीही हेच केलं आणि तोंडावर पडलो. बाहेरचा क्वार्ट्झ क्रिस्टल जोडायच्या दोन्ही पिना मी कीपॅडला दिल्या होत्या. सीनियर रोज ऐकवायचे, "आतला आरसी ऑसिलेटर (रेझिस्टर-कपॅसिटरचा), आरसी तो आरसीच, क्रिस्टल टाक." मी हट्टाला पेटलेलो. बहुतेक चिप सुतासारख्या सरळ चालल्या, पण दोन-तीन मध्येच कचरा ओकायच्या आणि थोड्या वेळाने आपोआप शुद्धीवर यायच्या. साहेबांचा निकाल तयार होता: लॉट खराब, परत पाठव.

तिसऱ्या रात्री मी ऑसकॅलमध्ये ० ते २५५ सगळे आकडे ओळीने टाकून फ्रिक्वेन्सी वहीत उतरवली. १२७ पर्यंत चढत गेली आणि १२८ ला धाडकन खाली! सर्वांत वरचा बिट रेंज बदलतो आणि दोन्ही रेंज एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या चिपांचा फॅक्टरी आकडा १२८ च्या जेमतेम वर होता. माझा कोड एक-एक कमी करत १२७ वर उतरला की क्लॉक उलट उसळायचा आणि खालच्या रेंजमध्ये जागा सापडेपर्यंत सगळा गोंधळ. डेटाशीटमध्ये हे स्वच्छ छापलंय. आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं, मी धरून. वरचा बिट गोठवला, खालचेच सात हलवले, सगळ्या चिप चालल्या. लॉट खराब म्हणे!

म्हणून सांगतो, "क्रिस्टल टाक" ही पळवाट आहे. अर्थात पिना मोकळ्या असतील तर टाका, मीही टाकतो. इंटर्नल ऑसिलेटरच्या अचूकतेची फॅक्टरीची हमी ±१० टक्के, कॅलिब्रेट केल्यावर ±१, तीही त्याच व्होल्टेज-तापमानाला. ईईप्रॉम (चिपमधली कायम राहणारी मेमरी) लिहिताना ८.८ मेगाहर्ट्झच्या वर जाऊ नका.

आणि बॉड रेट (सिरीयलचा वेग) ११५२०० असेल तर ८ मेगाहर्ट्झवर भागाकारच साडेतीन टक्के चुकतो. ३८४०० करून बघा, कदाचित तेवढंच असेल.