ऐनवेळचा विषय

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अ‍ॅपवर स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वागण्यातून वर्षाला किती कार्बन हवेत जातो तो हिशोब, काढलास, आकडा बघून धसका घेतलास आणि आता एसीवरून रोज आईशी वाद. आधी तो वाद मिटव. एसी २४ वर ठेव, जोडीला पंखा लाव, आईला सुखाने झोपू दे.

हा माणशी हिशोब घरोघरी पोचवला कुणी, ठाऊक आहे? बीपी या तेलकंपनीने, २००४च्या सुमाराला. तेल विकणारा आपल्याला आपलीच पावलं मोजायला बसवतो, यात काय ते समज. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. लोकलला लोंबकळत ऑफिस गाठणाऱ्या तुझ्यासारखीने झोप उडवून घ्यावी असं त्यात काही नाही.

म्हणून हात झटकून मोकळी हो, असंही नाही. मुंबई महापालिकेच्या २०२२च्या हवामान कृती आराखड्यात शहराच्या उत्सर्जनातला सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेचा दाखवलाय. त्यात मोठा भाग इमारतींतल्या विजेचा, आणि ती वीज बहुतांशी कोळशाची. तेव्हा तुझं काम सोसायटीच्या कॉमन मीटरपासून सुरू होतं.

सेक्रेटरींकडे वर्षभराची बिलं माग. फ्लॅट आईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्या सहीने जाऊ दे (समेटाला तेवढंच निमित्त). मग एखाद्या सकाळी पाणी चढवायच्या वेळी गच्चीवर जाऊन उभी राहा. टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागलेली, खाली वॉचमन चहाला गेलेला आणि पंप आपला चालूच, असं दिसलं तर फोटो काढ. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचला किती पडतील ते प्लंबरला विचार. मेंटेनन्समधून जाणारा पैसा दिसला की लोक ऐकतात. ध्रुवावरचं अस्वल तिथे काढू नकोस.

मोठा विषय सोलरचा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. तुमच्याकडे गळतीसाठी गच्चीवर पत्रा टाकायचं घाटत असेल, तर दोन्ही विषय एकत्रच मांड. पत्रा आधी चढला आणि त्याचा सांगाडा पॅनेल पेलणारा नसला, तर पुन्हा खर्चाला कुणी तयार होणार नाही. शेजारच्या टॉवरची सावली कधी, कुठवर येते तेही बघ. मेमधली सावली डिसेंबरात तशीच राहत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नोटीस १४ दिवस आधी निघते. नुसती सभेत उठून बोललीस तर 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलतील. तोवर पार्किंगवरून घसे बसलेले असतात आणि बाहेर वडे आलेले असतात. त्यामुळे लेखी अर्ज जुलैतच दे. 'पैसे कोण घालणार?' असं कुणीतरी ज्येष्ठ विचारतीलच. प्रश्न रास्त आहे, चिडू नकोस. बिलाची झेरॉक्स आणि दोन कोटेशनं त्यांच्या हातात ठेव.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. नाहीतर अर्ज आलाच नव्हता, असं सप्टेंबरात ऐकायला मिळेल. पोच मिळाली की मला फोटो पाठव.